लिथियम-मेटल सेलवरील संरक्षक लेप: किती भरवसा ठेवावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्यात मकरपुऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक जोडण्याचे लहान वर्कशॉप आहे. एका पुरवठादाराने ‘संरक्षक लेप दिलेले’ लिथियम-मेटल पाऊच सेल (चपट्या पिशवीसारखे सेल) देऊ केले आहेत. लेपामुळे सेल पेटत नाही आणि हजार चक्रे (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) सहज चालतो, असे तो सांगतो. दोन नमुने तो ठेवून गेला आहे. हा लेप म्हणजे नेमके काय, त्याने खरोखरच इतका फरक पडतो का, आणि हे सेल घ्यावेत का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. गिऱ्हाइकाच्या स्कूटरमध्ये बसवण्यासाठी आज हे सेल घेऊ नका. लेपाची कल्पना मात्र खोटी नाही. त्यामागे चाळीस वर्षांहून जुने शास्त्र आहे, आणि तुम्ही या धंद्यात पुढे राहणार असाल तर ते समजून घेणे तुमच्या हिताचे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मी मूळचा गंजरोधक अस्तरांचा माणूस. बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलो, आणि नंतरची बरीच वर्षे बडोद्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांत ॲसिडच्या टाक्या, ग्लास-लाइन्ड रिॲक्टर आणि कूलरची लायनिंग तपासण्यात गेली. लिथियमकडे उतारवयात वळलो. त्यामुळे या लेपांकडे मी बॅटरीवाल्याच्या नजरेने कमी आणि लायनिंगवाल्याच्या नजरेने जास्त पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

लिथियम धातूचा हव्यास का, ते एका आकड्यात कळते. आजच्या लिथियम-आयन सेलमधील ॲनोड (ऋण टोक) ग्राफाइटचा असतो आणि त्याची क्षमता ग्रॅमला ३७२ मिलीअँपिअर-तास आहे. शुद्ध लिथियम धातूची ३,८६०. ग्राफाइट हे लिथियमला राहण्यासाठी बांधलेले घर आहे आणि त्या घराचे वजन आपण सगळीकडे वाहून नेत असतो. घर काढून टाकले की सेल हलका होतो. चांगला लिथियम-आयन सेल किलोला २५० ते ३०० वॅट-तास देतो. लिथियम धातूने चारशेच्या पुढे जाता येईल, या आशेवर सगळी धडपड चालू आहे.

ही धडपड नवी नाही. सत्तरच्या दशकात एक्झॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूचे सेल बाजारात आणले, आणि आगी लागल्यामुळे १९८९ साली ते परत मागवावे लागले. १९९१ साली सोनीने जो लिथियम-आयन सेल विक्रीला काढला तो एका अर्थाने माघार होती: धातू नको, कार्बन बरा. २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांत व्हिटिंगहॅम होते, पण त्यांचा तो लिथियम धातूचा ॲनोड स्कूटरपर्यंत अजून पोचलेला नाही.

तुमच्या घरात मात्र तो आहे. रिमोटमध्ये किंवा गाडीच्या किल्लीत बसणारी सीआर २०३२ ही चकती म्हणजे लिथियम धातूचाच सेल. तो वर्षानुवर्षे शांत राहतो, कारण त्याला पुन्हा चार्ज करायचे नसते. लिथियम एकदा विरघळून गेले की परत येत नाही. सगळे दुखणे परत येण्याचे आहे.

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ॲनोडवर येऊन धातूरूपाने बसतात. ते सपाट थरात बसत नाहीत. जिथे पृष्ठभाग किंचित उंच आहे किंवा जिथला थर किंचित पातळ आहे, तिथे करंट अधिक जातो, म्हणून तिथे अधिक लिथियम बसते, म्हणून ती जागा आणखी उंच होते. कधी सुईसारखे डेंड्राइट वाढतात, पण बहुतेक वेळा करड्या शेवाळासारखा भुसभुशीत थर तयार होतो. सुई सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) भेदून कॅथोडला, म्हणजे धन टोकाला, टेकली की शॉर्ट सर्किट होते, आणि चित्रांत तेवढेच दाखवतात. माझ्या मते खरे नुकसान शेवाळाकडून होते, कारण डिस्चार्ज होताना शेवाळाची मुळे आधी विरघळतात आणि वरचे तुकडे तुटून मोकळे पडतात. हे ‘मृत लिथियम’ पुढच्या चक्रात कामाला येत नाही. सेलमध्ये ते फक्त साठत जाते.

शिवाय लिथियम इतके आक्रमक आहे की इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारे आतले द्रव) त्याला लागताक्षणी विघटित होते आणि त्याच्याच अवशेषांची एक पातळ साय पृष्ठभागावर धरते. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली या सायीचे स्वरूप प्रथम नीट मांडले. ही साय म्हणजे निसर्गतः मिळालेला लेपच, पण कमकुवत: खालचे लिथियम हलले की ती तडकते, तडकीतून ताजे लिथियम उघडे पडते, तिथे नवी साय धरते, आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम आणि थोडे इलेक्ट्रोलाइट खर्ची पडते. कृत्रिम लेपाचे सगळे प्रयत्न या सायीच्या जागी आपण ठरवलेला, अधिक चिवट थर बसवण्याचे आहेत.

इथे मला एक जुना अनुभव सांगावासा वाटतो. एका कारखान्यात थंड पाण्याचा एक कूलर होता. नळ्या पितळेच्या आणि दोन्ही टोकांची झाकणे साध्या पोलादाची. पोलाद गंजते, म्हणून रंगाऱ्याने झाकणांना आतून उत्तम इपॉक्सी दिला आणि पितळ तसेच सोडले. सात महिन्यांनी झाकणातून पाणी आले. उघडून पाहिले तर रंग नव्यासारखा तुकतुकीत, आणि त्यात वाटाण्याएवढे एकच आरपार भोक. गंजशास्त्रातला हा पहिल्या धड्यातला नियम आहे: दोन धातू जोडलेले असतील तर एकट्या ॲनोडला (गंजणाऱ्या धातूला, इथे पोलादाला) रंग देऊ नये, कॅथोडला (इथे पितळेला) द्यावा. ॲनोडवरच्या रंगात टाचणीएवढे छिद्र राहिले की जो गंज एरवी सगळ्या पृष्ठभागावर पसरला असता तो त्या एका छिद्रात एकवटतो. न रंगवलेले झाकण सात वर्षे टिकले असते.

लिथियमवर लेप देणारा माणूस नेमके हेच निषिद्ध काम करतो. तो ॲनोडलाच रंग देतो. वर त्याला करंट थांबवायचाही नाही, कारण करंट थांबला तर बॅटरी कसली? म्हणून या लेपाने इलेक्ट्रोलाइट अडवायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे, पण लिथियम आयनला मात्र सगळीकडून सारख्याच सहजतेने जाऊ द्यायचे. ‘सगळीकडून सारख्याच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. जो लेप आयनला अडखळत जाऊ देतो आणि ज्यात चार पिनहोल आहेत, तो लेप सगळा करंट त्या चार पिनहोलांकडे ढकलतो आणि डेंड्राइटसाठी जागा आखून देतो. असा लेप नसलेला बरा.

दुसरी अडचण हालचालीची आहे, आणि तिची कल्पना पुष्कळांना येत नाही. चौरस सेंटिमीटरला १ मिलीअँपिअर-तास एवढे लिथियम म्हणजे सुमारे ४.८५ मायक्रॉन जाडीचा थर. स्कूटरला उपयोगी पडेल अशा सेलमध्ये हा आकडा चौरस सेंटिमीटरला ४ मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक चार्जिंगला सुमारे २० मायक्रॉन धातू येऊन बसतो आणि प्रत्येक डिस्चार्जला निघून जातो. प्रयोगशाळेतला लेप पुष्कळदा १०-२० नॅनोमीटरचा असतो. लायनिंगच्या भाषेत सांगायचे तर रिॲक्टरला १ मिलिमीटर काचेचे अस्तर दिले आहे, आणि त्याखालचे पोलाद प्रत्येक बॅचला मीटरभराहून अधिक फुगते व पुन्हा खाली बसते. असल्या भिंतीवर कोणतीही काच टिकणार नाही. म्हणून लेप नुसता कठीण असून भागत नाही. तो वाकायला, ताणायला आणि जमल्यास फाटलेल्या जागी स्वतःच भरून यायला हवा.

कठीणपणावर एके काळी फार भिस्त होती. मन्रो आणि न्यूमन यांनी २००५ साली गणिताने दाखवले की लिथियमच्या साधारण दुप्पट कर्तन-दृढता (कातरणाऱ्या बळाला होणारा विरोध) असलेला थर डेंड्राइटला दाबून टाकील. २००७ साली मुरुगन, तंगदुरै आणि वेप्नर यांनी लिथियम, लॅन्थेनम आणि झिर्कोनियमचे गार्नेट जातीचे ऑक्साइड पुढे आणले, जे या अटीपेक्षा कितीतरी पट दृढ आहे आणि आयनही चांगले वाहते. तरीही लिथियम त्यातून पलीकडे जाते. कणांच्या सांध्यांतून, बारीक भेगांतून, आत दाब धरून भेग पुढे ढकलत जाते. लिथियमला बोटाने दाबले तरी ते दबते, इतके मऊ आहे, आणि तरी त्याने सिरॅमिक फोडावे, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही पटले नव्हते. पुढे आठवले की पिंपळाचे रोपही वाड्याची भिंत अशीच फोडते. त्याला आयती भेग लागते.

लेपाची द्रव्ये पुष्कळ आहेत. ज्यांच्याशी हाताने संबंध आला त्यांच्यापुरते लिहितो. ॲल्युमिनाचा थर दोन वायू आळीपाळीने सोडून अणूंच्या थरांनी चढवता येतो, एका फेरीत सुमारे ०.१ नॅनोमीटर. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात २०१५ साली १४ नॅनोमीटरच्या अशा थराने लिथियमला हवेपासून आणि इलेक्ट्रोलाइटपासून संरक्षण मिळते, असे दाखवले गेले. थर अप्रतिम एकसारखा बसतो, पण काम सावकाश चालते, आणि लिथियम १८०.५ अंशांना वितळत असल्यामुळे भट्टी फार तापवता येत नाही. लिथियम फ्लोराइड इलेक्ट्रॉनला उत्तम अडवते आणि रासायनिकदृष्ट्या शांत असते, मात्र आयनही नाखुशीने जाऊ देते, म्हणून तो थर फार पातळ किंवा दुसऱ्या कशात तरी मिसळलेला लागतो. लिथियम नायट्राइड आयनला राजमार्ग देते, पण ठिसूळ असते आणि दमट हवेत अमोनियाचा वास सोडू लागते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत जॉन बेट्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकात लिपॉन नावाचा काचेसारखा थर तयार केला. तो घालून केलेल्या पातळ फिल्मच्या बॅटऱ्या हजारो चक्रे चालल्या, त्यामुळे लिथियम धातू टिकू शकते हे सिद्ध झाले. पण त्या बॅटऱ्या टपाल तिकिटाएवढ्या, आणि निर्वात कक्षात चढवायचा तो थर स्कूटरच्या हिशेबात बसत नाही.

मला सर्वांत आशादायक वाटणारी वाट वेगळी आहे. कलाभवन १८९० साली सुरू झाले तेव्हापासून तिथे रंगाईचे शिक्षण होते, आणि रंगाईवाल्याला ठाऊक असते की सुती कापडाला आधी तुरटीच्या पाण्यातून काढले नाही तर पुष्कळसे नैसर्गिक रंग डागाडागांनी बसतात. चांदी, जस्त, इंडियम ही द्रव्ये लिथियमच्या बाबतीत तुरटीसारखे काम करतात. लिथियम त्यांच्याशी मिश्रधातू करते, म्हणून ते सगळीकडे सारखे ‘धरते’, एका ठिकाणी ढीग करत नाही. जस्त किंवा इंडियमच्या क्लोराइडच्या द्रावणात लिथियमची पट्टी बुडवली तरी असा थर मिळतो, आणि हे काम तुलनेने स्वस्त आहे. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० साली चांदी आणि कार्बनचा पातळ थर वापरून, वेगळी लिथियम पट्टी न घालता, सल्फाइड घन इलेक्ट्रोलाइटसह हजारांहून अधिक चक्रे चालणारा पाऊच सेल दाखवला. त्यात लेप लिथियमच्या डोक्यावर झाकण होऊन बसत नाही. लिथियम त्याच्याआडून, त्याच्या आणि धातूच्या पत्र्याच्या मध्ये, जमा होते. मला वाटते खरी कल्पकता तिथे आहे. झाकणे घालणाऱ्यांपेक्षा रुजवण करणारे पुढे जातील, असा माझा कयास आहे.

पॉलिमरचे लेप ताण सहन करतात, पण बहुतेकांची आयनवाहकता थंड असताना कमी पडते. फ्रान्समधील बोलोरे गटाच्या लिथियम-मेटल पॉलिमर बॅटऱ्या पॅरिसमध्ये भाड्याच्या मोटारींत खरोखर धावल्या, पण त्यांना आतून गरम ठेवावे लागत असे. बडोद्याचा मे महिनाही त्यासाठी पुरेसा नाही.

द्रव्य कोणतेही घ्या, लेप कशावर बसतो हे विचारायचे कोणी विसरू नये. बाजारातून आलेली लिथियमची पट्टी चकचकीत दिसली तरी तिच्यावर ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचे पातळ पटल असतेच. ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) मी ती ताठ ब्रशने घासतो तेव्हा खालून जो चंदेरी रंग निघतो तो पाहिला की आधीची चकाकी किती खोटी होती ते कळते. ग्लोव्ह बॉक्समध्येही नायट्रोजन चालत नाही, आर्गॉन लागतो, कारण लिथियम नायट्रोजनशीही संयोग पावते. ही सफाई न करता दिलेला लेप म्हणजे सँडब्लास्टिंग न करता गंजक्या पत्र्यावर मारलेला रंग.

आता पुरवठादाराच्या हजार चक्रांकडे वळू. प्रत्येक चक्रात किती टक्के लिथियम परत मिळते याला कूलॉम कार्यक्षमता म्हणतात. ९९ टक्के म्हणजे चांगले गुण वाटतात, पण ज्या सेलमध्ये जास्तीचे लिथियम नाही तिथे शंभर चक्रांनंतर ३७ टक्केच उरते. हजार चक्रांनंतर ८० टक्के उरायचे असेल तर ९९.९८ टक्के लागते. हा फरक जाड पट्टी घालून झाकता येतो. चौरस सेंटिमीटरला ४ मिलीअँपिअर-तास ये-जा करणाऱ्या सेलमध्ये ९९ टक्के कार्यक्षमता म्हणजे दर चक्राला ०.०४ मिलीअँपिअर-तासाची गळती. ५० मायक्रॉनच्या पट्टीत सुमारे १० मिलीअँपिअर-तास साठा असतो, म्हणजे अडीचशे चक्रांत तो संपला. तोच लेप, तीच गळती, पण पट्टी २५० मायक्रॉनची घेतली तर साठा सव्वाबाराशे चक्रांहून अधिक पुरतो आणि आलेख छान सपाट दिसतो. इलेक्ट्रोलाइट भरपूर ओतले की तो आणखी सपाट दिसतो. लेपाने काहीच केलेले नसते; माल जास्त घातलेला असतो. अशा सेलचे वजन केले तर लिथियम धातू घेण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून पुरवठादाराला विचारा: पट्टी किती मायक्रॉनची, चौरस सेंटिमीटरला किती मिलीअँपिअर-तास, एका अँपिअर-तासामागे इलेक्ट्रोलाइट किती ग्रॅम (तीनच्या वर असेल तर सावध व्हा), चार्जिंग किती तासांत, आणि चाचणीच्या वेळी सेल कोणत्या दाबाखाली आवळलेला होता. शेवटचा प्रश्न विसरू नका. दाबाखाली लिथियम सपाट बसते, आणि जाड पोलादी पट्ट्यांत आवळून चांगला चाललेला सेल तुमच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात तसा चालणार नाही. उत्तरादाखल माहितीपत्रक पुढे केले तर समजून जा.

‘पेटत नाही’ या दाव्याबद्दल. लेप सेलला अग्निरोधक करत नाही. आतले द्रव इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राहीच राहते, कॅथोड तापला की ऑक्सिजन सोडू शकतो, आणि १८० अंशांच्या पुढे खालचे लिथियमच वितळते तेव्हा त्यावरचा काही नॅनोमीटरचा थर कोणाला आवरणार? चांगल्या लेपाचा सुरक्षेला होणारा खरा फायदा आडवळणाने येतो: शेवाळ कमी होते, म्हणून प्रतिक्रियेला उघडा पृष्ठभाग कमी राहतो. याचा अर्थ असा की खिळा ठोकण्याची चाचणी कोऱ्या सेलवर करून काहीच कळत नाही, कारण कोऱ्या सेलमध्ये शेवाळ नसतेच. दोनशे चक्रे चाललेल्या सेलवर ती चाचणी केली आहे का, ते विचारा. मला आजवर या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच मिळाले आहे.

तुमच्या सध्याच्या धंद्यात लेपाचा लाभ हवा असेल तर तो आजही मिळतो. ज्यांच्या सेपरेटरवर सिरॅमिकचा थर आहे असे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल मागा. प्लॅस्टिकचा सेपरेटर तापून आकसू लागतो तेव्हा तो थर त्याला ताणून धरतो. २०२२ मधील स्कूटरच्या आगींनंतर एआयएस १५६ या भारतीय बॅटरी-सुरक्षा मानकात ज्या कडक अटी आल्या, त्या पूर्ण करणेही अशा सेलने सोपे जाते.

राहता राहिले ते दोन नमुने. ते कापून पाहण्याचा मोह होईल, विशेषतः लेप डोळ्यांनी पाहायची उत्सुकता असेल तर. कृपा करून कापू नका. श्रावणातल्या बडोद्याच्या हवेत उघडे लिथियम बघता बघता करडे आणि मग काळे पडते, आणि ओल्या हाताचा एक थेंबही पुरतो. उघड्या लिथियमला आग लागली तर पाणी टाकायचे नसते, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही. धातूच्या आगीसाठी असलेली कोरडी पावडर लागते, आणि ती तुमच्या वर्कशॉपमध्ये असेल असे वाटत नाही. सेल डिस्चार्ज केला म्हणजे ॲनोडवरचे लिथियम संपले असेही समजू नका. पट्टी जाड असेल तर बरेचसे तिथेच असते. दोन्ही सेल पुरवठादाराने दिलेल्या किमान व्होल्टेजपर्यंत सावकाश उतरवा, दोन्ही टॅबना वेगवेगळी टेप लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवा, आणि मला कळवून घेऊन या. एक सेल कोराच उघडू आणि दुसरा पन्नास चक्रे चालवून. दोन्हीच्या पट्टीची जाडी मायक्रोमीटरने मोजली की पुरवठादाराने माल किती घातला आणि लेपाने काम किती केले, ते तुम्हालाच दिसेल.